ब्रह्मगिरीची फेरी घालणाऱ्यांनी समुद्रकडा कसा पाहावा

माझ्या आत्याने ब्रह्मगिरीची फेरी किती वेळा घातली आहे, याचा हिशेब आता तिच्याकडेही नाही. श्रावणातला तिसरा सोमवार आला की ती पंचवटीतून त्र्यंबकला निघणारच. मग चिखल असो, धुकं असो, पायात गोळे येवोत. त्यामुळे मागच्या हिवाळ्यात आम्ही हरिहरेश्वरला गेलो आणि तिथेही देवळामागच्या डोंगराला प्रदक्षिणा घालतात हे कळलं, तेव्हा तिने लगेच पदर खोचला. सकाळचे नऊ वाजले होते. नारळ-फुलं विकायला बसलेल्या बाईंनी तिला हाताने थांबवलं. "आत्ता नका जाऊ आजी, पाणी चढतंय. तीन वाजल्यानंतर उतरा."

आत्याला ते पटेना. "डोंगराला फेरी घालायला वेळ कसली बघायची गं?" तिने मला विचारलं.

मी शाळेत भूगोल शिकवते. या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात संपत नाही, आणि हाताशी सहा तास होते. त्या सहा तासांत आम्ही जे बोललो आणि पाहिलं, तेच इथे लिहिते आहे. नाशिकहून कोकणात जाणारी बहुतेक मंडळी वाळूवर जातात, भिजतात, मासे खातात आणि परततात. कडे पाहायला फार थोडे जण जातात. त्या थोड्यांतलेही काही जण फोटोसाठी नको त्या वेळी नको तिथे उभे राहतात, आणि मग पेपरात बातमी येते. ती बातमी वाचली की मला फार वाईट वाटतं, कारण दगड आणि घड्याळ या दोन गोष्टी समजल्या असत्या तर त्यातले पुष्कळ जण घरी आले असते.

दगड आपलाच आहे

देवळामागच्या पायऱ्या चढून आम्ही वर गेलो आणि खाली पाहिलं. आत्या म्हणाली, "हा तर आपल्याकडचाच काळा दगड." बरोबर ओळखलं होतं तिने. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांतून लाव्हा बाहेर आला, पसरला, थिजला; त्यावर पुन्हा दुसरा थर आला, मग तिसरा. असे थरावर थर साचून दख्खनचं पठार झालं. आजही हा दगड सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. ब्रह्मगिरी, अंजनेरी, हरिहर, पांडवलेणी ज्या डोंगरात कोरली तो डोंगर, आणि हा हरिहरेश्वरचा किनारा, सगळे त्याच बेसाल्टचे.

यातला प्रत्येक थर वरून खालपर्यंत सारखा नसतो. खालचा भाग घट्ट असतो. वरच्या भागात थिजताना वायूचे बुडबुडे अडकतात आणि पुढे त्या पोकळ्यांत पांढरी, हिरवट खनिजं भरतात. सिन्नरचं गारगोटी संग्रहालय पाहिलं असेल तर त्या पोकळ्यांमधून केवढे देखणे स्फटिक निघतात ते ठाऊक असेल. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे तांबड्या मातीचा पातळ पट्टाही दिसतो. घट्ट दगड टिकतो, पोकळीदार दगड आणि माती झिजतात. म्हणून आपले डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात. 'डेक्कन ट्रॅप' या नावातला 'ट्रॅप' हा शब्दही जिन्याला असलेल्या एका उत्तर युरोपीय शब्दावरूनच आला आहे.

मग नाशिकचा कडा आणि समुद्राचा कडा यांत फरक काय? फरक हत्याराचा. आपल्याकडे पाऊस डोंगरावर सगळीकडून पडतो आणि ओढे-नद्या वरून खाली कापत जातात. समुद्र तसं करत नाही. तो एकाच आडव्या रेषेवर, पायथ्याशी, दिवसरात्र घाव घालतो. झाड तोडणारा माणूस शेंड्याला हात लावत नाही, बुंध्याशी खाच पाडतो आणि झाड आपल्याच वजनाने पडतं. समुद्रकडा नेमका असाच पडतो.

लाट दगड कसा फोडते

पाणी मऊ आणि दगड टणक, मग पाणी दगड कसं फोडतं, असं मुलं वर्गात विचारतात. पाणी एकट्याने फोडत नाही. दगडाच्या भेगेत हवा असते. लाट आदळली की ती हवा आत दाबली जाते. लाट मागे हटली की दाबलेली हवा एकदम सुटते. पाचर ठोकावी आणि काढावी, पुन्हा ठोकावी, तसं दिवसाला हजारो वेळा चालतं. दुसरं हत्यार म्हणजे लाटेबरोबर येणारे गोटे आणि वाळू. लाट ते उचलते आणि कड्यावर फेकते. तिसरं हत्यार शांत आहे, मीठ. खारे तुषार दगडाच्या बारीक छिद्रांत शिरतात, वाळतात, मिठाचे स्फटिक वाढतात आणि आतून कण कण सुटत जातो. हरिहरेश्वरच्या खडकावर मधमाशांच्या पोळ्यासारखी जी जाळी दिसते ती मुख्यतः याच मिठाची करामत. आत्याला ती जाळी कुणीतरी कोरलीच आहे असं वाटलं होतं. तिने दोन बोटं एका छिद्रात घालून पाहिली आणि बराच वेळ काही बोलली नाही.

पायथ्याशी खाच पडली की वरचा दगड अधांतरी होतो. भेग वाढते आणि एक दिवस तो तुकडा कोसळतो. लाटा त्याचा चुरा करून नेतात आणि नव्या पायथ्याशी पुन्हा खाच पाडू लागतात. कडा असा मागे मागे सरकत जातो आणि समोर उरतो सपाट खडकाळ ओटा. पाठ्यपुस्तकात त्याला तरंगघर्षित मंच म्हणतात, गावात खडप म्हणतात. प्रदक्षिणेची खालची वाट याच ओट्यावरून जाते. म्हणजे आपण जिथे पाऊल टाकतो ती जागा एकेकाळी कड्याच्या पोटात होती.

खाच जिथे भेग किंवा कच्चा दगड धरून आत जाते तिथे गुहा होते, कुठे अरुंद घळ होते. गुहागर तालुक्यात हेदवीला समुद्रालगत उमामहेश्वराचं देऊळ आहे, त्याच्याजवळची बामणघळ म्हणजे घळीचा उत्तम नमुना. भरतीची लाट चिंचोळ्या फटीत शिरते, पुढे जायला जागा नसते, मग ती फटीच्या टोकाशी आदळून उंच उडते. कुठे कारंजं पाहतोय असं वाटतं, पण ती दगड फुटण्याची क्रिया आपल्या डोळ्यांसमोर चालू असते.

आयर्लंडमधल्या मोहेरच्या २१४ मीटर उंच कड्यांचे फोटो मोबाइलवर पाहून कोकणात आलेल्यांचा कधी कधी हिरमोड होतो. आपले समुद्रकडे तेवढे उंच नाहीत. पण एक विचार करून पाहा. पश्चिम किनारा तयार झाला तो भारतापासून आधी मादागास्कर आणि मग सेशेल्सचा भूभाग तुटून दूर गेला तेव्हा. त्या तुटलेल्या काठाची झीज होत होत कडा पूर्वेकडे मागे सरकला आणि आज तो सह्याद्रीच्या रूपात उभा आहे, असं बऱ्याच भूशास्त्रज्ञांचं मत आहे. हे काम बहुतांशी पावसाने आणि नद्यांनी केलं, लाटांनी नव्हे. तरी कसारा घाट उतरताना आपण एका फार जुन्या, मागे हटलेल्या किनारी कड्यावरूनच खाली येत असतो. गोदावरी अरबी समुद्रापासून सुमारे ८० किलोमीटरवर उगम पावते आणि तरी पाठ फिरवून १,४६५ किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला जाते, त्याचंही कारण हाच उंचावलेला पश्चिम काठ. आत्याला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे गंगा समुद्राला पाठ दाखवून निघाली." नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात, हे बाहेरच्यांसाठी सांगून ठेवते.

आणखी एक गोष्ट मला नेहमी विस्मयात टाकते. २०,००० वर्षांपूर्वी, हिमयुग ऐन भरात असताना, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. किनारा पश्चिमेला खूप दूर होता. बर्फ वितळत गेला, पाणी चढत आलं आणि साधारण ६,००० ते ७,००० वर्षांपूर्वी आजच्या रेषेजवळ येऊन थांबलं. दगड कोट्यवधी वर्षांचा, पण आज दिसणाऱ्या या रेषेवरचे घाव मुख्यतः एवढ्याच काळातले.

कुठे कडा, कुठे पुळण

नाशिकला सर्वांत सोयीचा समुद्र डहाणू-बोर्डीचा. जव्हारवरून उतरलं की झालं. पण तिथे कडे शोधायला जाऊ नका. तिकडे किनारपट्टी सखल आणि रुंद, समुद्राचा तळही उथळ. लाट किनाऱ्यावर येईपर्यंत दमलेली असते. कडे लागतात ते डोंगराची सोंड थेट पाण्यात घुसते तिथे.

अशा सोंडेला भूशीर म्हणतात. लाटा किनाऱ्याजवळ आल्या की उथळ पाण्यात वळतात आणि भूशिरावर दोन्ही बाजूंनी चालून जातात. दोन भूशिरांमधल्या बाकात मात्र त्या पसरतात, जोर घटतो आणि वाळू साचते. म्हणून गुहागरची लांबलचक पुळण आणि जवळचंच अंजनवेलचं दीपगृह उभं असलेलं खडकाळ टोक, ही जोडी कोकणभर पुन्हा पुन्हा दिसते. नकाशात वाळूचा बाक दिसला की त्याच्या दोन टोकांना कडा शोधायचा.

घड्याळ चंद्राचं आहे

आता आत्याच्या मूळ प्रश्नाकडे येते. गोदेला पूर आला की नाशिककर विचारतात, पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत आलं? गुडघ्याला, कमरेला, की छातीला? असं समजा, की हरिहरेश्वरच्या ओट्यावर असा एक मारुती उभा आहे आणि पाणी रोज दोनदा त्याच्या छातीपर्यंत चढतं आणि दोनदा पायाखाली उतरतं. पाऊस नसताना, ऊन असताना, रोज. भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत साधारण १२ तास २५ मिनिटं लागतात. त्यामुळे भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते. काल दुपारी चारला पार केलेली वाट आज चारला तशीच मोकळी असेल, हे गृहीत धरता येत नाही.

वेळ काढायची जुनी रीत सोपी आहे. तिथीची पाऊणपट करायची. अष्टमी असेल तर ८ ची पाऊणपट ६, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती, सकाळी आणि संध्याकाळी. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमा किंवा अमावास्या म्हणजे १५, त्याची पाऊणपट सव्वाअकरा. त्यानंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. हा अंदाज आहे, त्यात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात पाहावी आणि गावातल्या माणसाला विचारावं. पण भिंतीवरची दिनदर्शिका पाहून नाशिकच्या घरी बसल्या बसल्या आपण सहलीचा दिवस ठरवू शकतो, हे केवढं मोठं सुख आहे!

आम्ही गेलो त्या दिवशी चतुर्दशी होती. १४ ची पाऊणपट साडेदहा. म्हणजे नऊ वाजता पाणी खरोखरच चढत होतं, आणि ओहोटी साडेचार-पाचला पूर्ण होणार होती. त्या बाईंनी आकडेमोड केली नव्हती, त्यांना ते अंगवळणी होतं.

आता एक बारकावा, जो सहलीला जाणाऱ्यांना कुणी सांगत नाही. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं. पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतंही. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, चढउतार कमी. ओटा सर्वांत रुंद उघडतो तो उधाणाच्या ओहोटीला. आणि आपल्या किनाऱ्यावर उधाणाची पूर्ण ओहोटी पहाटे किंवा संध्याकाळी पाच-सहाच्या सुमारास येते. म्हणजे सूर्यास्ताच्या सुंदर वेळी ओटा सर्वांत मोहक दिसतो, माणूस रेंगाळतो, अंधार पडतो आणि मागे वळून पाहतो तोवर परतीची वाट पाण्यात गेलेली असते.

पाणी वळल्यावर पहिल्या तासात एकूण चढाच्या बाराव्या हिश्शाइतकंच चढतं, दुसऱ्यात सहाव्या हिश्शाइतकं, आणि तिसऱ्या-चौथ्या तासात प्रत्येकी पाव हिस्सा. सुरुवातीला काही घडतच नाही असं वाटतं आणि मग एकदम सगळं घडतं. म्हणून नियम असा: पाणी उतरत असताना खाली जायचं आणि पूर्ण ओहोटीच्या आत परतीला लागायचं.

उतरण्याआधी वरून वीसेक मिनिटं नुसतं पाहत बसावं. लाटा सारख्या नसतात. काही लहान लाटांमागून दोन-तीन मोठ्या येतात. दगड कुठपर्यंत ओला आहे ते पाहावं; कोरड्या दिसणाऱ्या दिवशीही ती ओली रेषा सांगते की लाट कुठवर पोचते. हिरवट-काळी बुळबुळ दिसली तर तिथे पाय नको. दूर दक्षिणेकडच्या महासागरातल्या वादळाच्या लाटाही स्वच्छ उन्हात येऊन धडकू शकतात. अशा लाटांचे इशारे हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था देते, निघण्याआधी ते बघायला दोन मिनिटं लागतात. पावसाळ्यात तर खाली उतरण्याचा विचारच करू नये. १ जूनपासून मच्छीमारांच्या यांत्रिक होड्याही बंद असतात. जे आयुष्य पाण्यावर काढतात ते थांबतात, तर आपण कोण?

तांबडा कडा वेगळा

रत्नागिरीकडे गेलं की कड्यांचा रंग बदलतो. काळ्याच्या जागी तांबूस जांभा येतो. हा मूळचा बहुतांशी बेसाल्टच. भरपूर पाऊस आणि कोरडा काळ आलटून पालटून लाखो वर्षं चालल्यावर त्यातली सिलिका वाहून गेली, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं. जमिनीतून ताजा काढलेला जांभा तुलनेने मऊ असतो, म्हणून त्याचे चिरे कापता येतात. हवा लागली की टणक होतो. घरं, विहिरी, वाडीभोवतीचे गडगे, सगळं त्याचंच.

पण कड्याच्या बाबतीत जांभा फसवा आहे. वर टणक टोपी आणि खाली मऊ चिकणमाती, अशी त्याची रचना असते. पावसाचं पाणी छिद्रांतून झिरपून मातीपर्यंत पोचतं, माती ढिली होते, पायथ्याला लाटा पोखरतात, आणि टोपीचा भलामोठा ठोकळा एकदम सुटतो. ब्रह्मगिरीच्या बेसाल्टच्या धारेवर उभं राहण्याची सवय असलेल्या नाशिकच्या ट्रेकरने हे मनावर कोरून ठेवावं. काठाला समांतर भेग दिसली, किंवा खाली ताजे ठोकळे पडलेले दिसले, तर तिथून बरंच मागे उभं राहायचं. काठ पोकळ असतो आणि वरून ते कळत नाही. राजापूर तालुक्यात कशेळीला कनकादित्याचं देऊळ पाहून देवघळीला गेलात तर कड्यांच्या कुशीतली चिमुकली पुळण वरून पाहा; तिथे वरूनच खरी शोभा कळते.

कड्याच्या मागे पसरलेल्या सपाट जांभ्याला सडा म्हणतात. उन्हाळ्यात तो करपलेला दिसतो आणि येणारे-जाणारे त्याला ओसाड म्हणतात. मला ते ऐकवत नाही. आपल्या अंजनेरीच्या पठारावर जसं जगात फक्त तिथलंच म्हणावं असं कंदीलपुष्प आहे, तशी या सड्यांचीही स्वतःची दौलत आहे. पहिल्या पावसात पांढऱ्या फुलांची दीपकाडी येते, ती कोकणाबाहेर आढळत नाही. मग सीतेची आसवं, गेंद, पाण्याच्या डबक्यांभोवती निळे-पांढरे गालिचे. आणि याच सड्यांवर कातळशिल्पं आहेत: माणसं, हत्ती, मासे, न उलगडणाऱ्या चौकटी, थेट जमिनीवर कोरलेल्या. उक्षी, जांभरूण, बारसू, देवाचे गोठणे, कशेळी अशा ठिकाणची शिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत गेली. ती पाहताना बूट घालून रेषांवर चढायचं नाही, खडूने रंगवायची नाहीत, गाडी सड्यावर घालायची नाही. आपण नाशिककर 'कातळ' म्हटलं की काळा दगड समजतो; तिकडे या तांबड्या सड्यालाही कातळच म्हणतात, म्हणून ती 'कातळशिल्पं'.

जायला ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. हरिहरेश्वर गाडीने दिवसभराचा पल्ला आहे: कसारा, पनवेल, माणगाव, श्रीवर्धन. रत्नागिरीला नाशिक रोडहून मंगला एक्स्प्रेस थेट जाते. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक बदलतं ते बघून घ्यावं.

तीन वाजता आम्ही उतरलो. दोन कड्यांमधल्या अरुंद पायऱ्या संपल्या आणि समोर ओला, काळा, जाळीदार ओटा पसरला होता, सकाळी जिथे नुसता फेस होता तिथे. आत्या अनवाणी चालली, प्रत्येक पाऊल जपून. साडेचारच्या आत आम्ही देवळाशी परत होतो. तिने त्या फुलवाल्या बाईंकडून दोन नारळ घेतले, एक देवाला, एक समुद्राला.

गेल्या आठवड्यात तिचा फोन आला. दिनदर्शिका मांडीवर घेऊन बसली होती. "अगं, त्रयोदशीला रविवार आलाय. तेराची पाऊणपट पावणेदहा ना? म्हणजे ओहोटी चारला. आपण अडीचला उतरू."